प्रसूती रजेवर असताना रिडन्डन्सीचे पत्र आले तर: ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या महिलांसाठी क्रमवार मार्गदर्शन

प्रसूती रजेवर असताना पद रद्द होत असल्याचे, म्हणजेच रिडन्डन्सीचे, पत्र हाती पडले, की ब्रिटनमधल्या बहुतेक मराठी महिला दोनांपैकी एक समजूत धरून बसतात. पहिली समजूत अशी, की रजेवरच्या बाईला नोकरीवरून काढताच येत नाही. ही भारतातून सोबत आलेली असते, कारण तिथे प्रसूती रजेच्या काळात कामावरून कमी करणे कायद्यानेच बेकायदेशीर ठरवले आहे. दुसरी समजूत याच्या उलट टोकाची: कंपनीने पदच रद्द केले म्हटल्यावर आपल्या हातात काही उरत नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो, की हातपाय हलवायचे ते आठवडे स्वस्थ बसण्यात निघून जातात.

ब्रिटनमध्ये पद खरोखरच रद्द होत असेल, तर रजेवरच्या कर्मचाऱ्यालाही कमी करता येते. मात्र कंपनीत तिला साजेशी दुसरी जागा रिकामी असेल, तर ती इतरांच्या आधी तिला देऊ करणे कंपनीवर बंधनकारक असते. प्रसूती आणि पालकत्व रजेच्या 1999 च्या नियमावलीतील नियम 10 हा त्याचा आधार आहे. हा हक्क नोकरी चालू असेपर्यंतच जिवंत असतो. शेवटचा दिवस उलटल्यावर भरपाईसाठी भांडता येते, पण जागा सहसा मिळत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नये.

येथे दिलेली माहिती इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांना लागू आहे. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. शिवाय ही माहिती कायद्याच्या अर्थाने ‘एम्प्लॉयी’ असलेल्यांसाठी आहे. स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कंत्राटावर काम करणाऱ्यांना यातील बहुतेक हक्क मिळत नाहीत.

पायरी 1: उत्तर देण्याआधी कागद आणि तारखा गोळा करणे

पत्र आल्यावर त्याच दिवशी ईमेलने भावनेच्या भरात उत्तर पाठवू नये, आणि फोनवर ‘ठीक आहे, समजले’ असेही म्हणू नये. आधी पुढील कागद एका ठिकाणी आणावेत: नोकरीचा करार आणि त्यानंतरची पगारवाढीची पत्रे, गरोदर असल्याचे कंपनीला कळवलेला पहिला ईमेल, मिडवाइफने दिलेले, बाळंतपणाची अपेक्षित तारीख सांगणारे मॅट-बी-वन प्रमाणपत्र, रजा मंजूर केल्याचे पत्र, रजेवर जाण्यापूर्वीचे शेवटचे मूल्यमापन, रजेआधीच्या किमान तीन महिन्यांच्या पे स्लिप, आणि कंपनीच्या हँडबुकमधील प्रसूती रजा व रिडन्डन्सी यांची धोरणे. आपल्या पदाचे लेखी वर्णन आणि विभागाची रचना दाखवणारा तक्ता मिळाला तर तोही ठेवावा, कारण पायरी 2 आणि 5 मध्ये वाद नेमका त्याच कागदावर होतो.

सावधान: कंपनीच्या लॅपटॉपवरून ग्राहकांची माहिती किंवा इतरांचे पगार असलेल्या फायली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नयेत. आपल्या बाजूचा दावा कितीही भक्कम असला, तरी गोपनीय माहिती बाहेर नेल्याचा आरोप कंपनीच्या हाती आयते कोलीत देतो. फक्त स्वतःविषयीचेच कागद घ्यावेत.

यानंतर एका कागदावर पाच तारखा लिहाव्यात: गरोदरपण कळवल्याची, बाळंतपणाची अपेक्षित, प्रत्यक्ष जन्माची, रजा सुरू झाल्याची आणि कंपनीने सांगितलेली नोकरीच्या शेवटाची. यांतूनच संरक्षणाचा काळ ठरतो. 6 एप्रिल 2024 पासून हा काळ पुष्कळ वाढला आहे. पूर्वी प्राधान्याचा हक्क फक्त रजेच्या काळापुरता होता. आता तो गरोदरपण कंपनीला कळवल्याच्या दिवसापासून सुरू होतो, रजाभर चालतो, आणि कामावर परतल्यानंतरही बाळाच्या जन्मापासून 18 महिने पूर्ण होईपर्यंत टिकतो. ऑगस्ट 2025 मध्ये बाळ झाले आणि आई मे 2026 मध्ये कामावर परतली, तरी फेब्रुवारी 2027 पर्यंत तिचा हक्क शाबूत असतो. कामावर परतल्यावर संरक्षण संपले असे सांगणारे व्यवस्थापक आजही भेटतात. त्यांच्याकडे जुना नियम असतो.

18 महिने मोजण्याची सुरुवात एरवी बाळंतपणाच्या अपेक्षित आठवड्याच्या पहिल्या दिवसापासून होते. रजा संपण्यापूर्वी कंपनीला प्रत्यक्ष जन्मतारीख कळवली असेल, तर त्या तारखेपासून मोजणी होते. बाळ तारीख उलटून झाले असेल, तर ही तारीख लेखी कळवलेली आहे ना, हे पाहून ठेवावे.

तपासून पाहा: गरोदरपण कळवल्याचा लेखी पुरावा हाताशी आहे का? कॉरिडॉरमध्ये तोंडी सांगितले असेल, तर त्यानंतरचा ज्या ईमेलमध्ये त्याचा उल्लेख आला तो शोधावा.

पायरी 2: रिडन्डन्सी खरी आहे का, हे पाहणे

कायद्याच्या दृष्टीने रिडन्डन्सी म्हणजे तीनपैकी एक गोष्ट: व्यवसाय बंद होणे, तुम्ही जिथे काम करता ते ठिकाण बंद होणे, किंवा तुमच्या प्रकारच्या कामासाठी लागणाऱ्या माणसांची गरज कमी होणे. ‘टीमची पुनर्रचना करत आहोत’ किंवा ‘प्रोजेक्ट संपला’ हे शब्द एवढ्याने पुरत नाहीत.

सर्वांत उघड कसोटी रजेच्या काळात तुमच्या जागी आणलेल्या माणसाची आहे. तुमचे पद रद्द होत असेल आणि तो बदली कर्मचारी मात्र तेच काम पुढे करणार असेल, तर पद रद्द झालेलेच नाही, फक्त त्यावरची व्यक्ती बदलली आहे. नवे नाव देऊन तेच काम दुसऱ्याकडे सोपवले असेल, तरीही तसेच. रजा घेतली म्हणून किंवा तुमच्यावाचून काम भागते हे रजेमुळे लक्षात आले म्हणून तुमची निवड झाली असेल, तर ती बडतर्फी आपोआप अन्यायकारक ठरू शकते, आणि 2010 च्या समानता कायद्याखाली तो भेदभावही असू शकतो. या दोन्ही दाव्यांसाठी नोकरीची किमान मुदत लागत नाही. सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या बाईलाही हे दावे करता येतात.

आयटी कंपनीतर्फे ‘ऑनसाइट’ आलेल्यांनी येथे थोडे थांबावे. ‘प्रोजेक्ट संपला, आता बेंचवर (म्हणजे प्रोजेक्टविना बसून), नाहीतर पुण्याला परत’ हा संवाद इतका रोजचा झाला आहे, की त्यात कायद्याचा काही प्रश्न असेल असे कोणाला वाटतच नाही. नियुक्तीपत्रावर भारतातील कंपनीचे नाव असले किंवा करार भारतीय कायद्याखाली असला, तरी केवळ तेवढ्याने ब्रिटनमधील हक्क नाहीसे होत नाहीत. काम प्रत्यक्षात कुठे चालते आणि नोकरीचा ब्रिटनशी संबंध किती घट्ट आहे, हे पाहिले जाते. अशा प्रकरणात लवकर कायदेशीर सल्ला घेणे अधिक निकडीचे आहे, कारण वादाचा पहिला मुद्दा हाच निघतो.

पायरी 3: सल्लामसलतीत लेखी प्रश्न विचारणे

कंपनीने निर्णय पक्का करण्याआधी तुमच्याशी सल्लामसलत करणे अपेक्षित असते, आणि रजेवर असणे हे तुम्हाला वगळण्याचे कारण होऊ शकत नाही. इतरांना कार्यालयातल्या बैठकीत सांगितले गेले आणि तुम्हाला तीन आठवड्यांनी पत्राने कळले, तर ती तफावत तारखेसह टिपून ठेवावी. एका ठिकाणी 90 दिवसांत 20 किंवा अधिक जणांना कमी करण्याचा प्रस्ताव असेल, तर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी सामूहिक सल्लामसलत करणे सक्तीचे आहे. पहिली बडतर्फी त्यानंतर किमान 30 दिवसांनी, आणि संख्या 100 किंवा जास्त असेल तर 45 दिवसांनी होऊ शकते. प्रतिनिधी निवडण्यात रजेवरच्या महिलांनाही मत असते.

बैठक ऑनलाइन घ्यावी, बाळाच्या दूध पिण्याच्या वेळा टाळून घ्यावी, कागद आदल्या दिवशी पाठवावेत, या मागण्या अगदी रास्त आहेत आणि त्या संकोच न करता कराव्यात. सोबत सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी असावा अशीही विनंती करावी. रिडन्डन्सीच्या सल्लामसलतीसाठी हा हक्क कायद्याने स्पष्टपणे दिलेला नाही, परंतु विचारल्यावर बहुतेक कंपन्या परवानगी देतात. बैठकीचा दिवस रजेत काम करण्याच्या 10 ‘कीप-इन-टच’ दिवसांमध्ये धरला जाणार आहे का, आणि धरला तर त्याचा पगार किती, हेही आधीच विचारून घ्यावे.

बैठकीपूर्वी ईमेलने पाठवायचे प्रश्न असे: पद रद्द करण्याचे कारण कोणते? माझ्या कामाचा कोणता भाग संपला आणि उरलेला कोणाकडे गेला? निवडीच्या गटात कोण कोण आहेत आणि तो गट कसा ठरला? निकष कोणते, आणि मला किती गुण मिळाले? सध्या आणि पुढील काही महिन्यांत कंपनीत आणि तिच्या समूहातील इतर कंपन्यांत कोणत्या जागा रिकाम्या आहेत किंवा होणार आहेत?

सावधान: या टप्प्यावर राजीनामा देऊ नये. ‘स्वतःहून राजीनामा दिलास तर रेकॉर्डवर रिडन्डन्सी दिसणार नाही, रिलिव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल’ असे समजावले जाते, आणि भारतातील नोकरीच्या सवयीमुळे ते आपल्याला पटतेही. ब्रिटनमध्ये रिडन्डन्सी हा डाग मानला जात नाही. राजीनामा दिला, की रिडन्डन्सीची रक्कम जाते, आणि बडतर्फीविरुद्धचा दावा जवळजवळ हातचा जातो.

पायरी 4: निवडीचे गुण तपासणे

समान काम करणाऱ्या पाच जणांतून दोघांना कमी करायचे असेल, तर कंपनी निकष लावून गुण देते. येथे नियम 10 चा उपयोग सहसा होत नाही, कारण उरलेल्या तीन जागा ‘रिकाम्या’ नसतात. त्यांवर माणसे आहेत. पाचही पदे रद्द करून वेगळ्या स्वरूपाची तीन नवी पदे निर्माण केली असतील, तर मात्र त्या नव्या जागा रिकाम्या धरल्या जातात आणि तुमचे प्राधान्य लागू होते. हा फरक न समजल्यामुळे अनेक तक्रारी चुकीच्या मुद्द्यावर लढवल्या जातात, म्हणून आपले प्रकरण यांपैकी कोणत्या प्रकारात बसते ते प्रथम ठरवावे.

गुणपत्रिका मिळाल्यावर तीन ठिकाणी बोट ठेवावे. उपस्थितीच्या निकषात प्रसूती रजा किंवा गरोदरपणातील आजारपणाचे दिवस मोजता येत नाहीत. कामगिरीचे गुण रजेच्या काळावरून काढता येत नाहीत. रजेआधीच्या काळाचा आधार घ्यावा लागतो, म्हणूनच पायरी 1 मधील शेवटचे मूल्यमापन इतके मोलाचे असते. रजेत असताना इतरांना मिळालेल्या प्रशिक्षणावर गुण दिले असतील, तर त्यालाही हरकत घ्यावी.

उलट बाजूने, रजेवर आहे म्हणून आपल्याला सरसकट पूर्ण गुण मिळावेत अशी मागणी करू नये. एका पुरुष वकिलाने, रजेवरच्या सहकारी महिलेला एका निकषावर फुगवून गुण दिल्याबद्दल दावा केला आणि तो 2011 मध्ये अपिलातही टिकला. संरक्षण आवश्यक तेवढेच असावे, असे अपील ट्रायब्युनलने, म्हणजे नोकरीविषयक दाव्यांची अपिले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, त्यात म्हटले.

पायरी 5: साजेशी पर्यायी जागा मिळवणे

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात.

तुमचे पद टिकणार नाही हे नक्की झाले, की कंपनीने किंवा तिच्या समूहातील दुसऱ्या कंपनीने उपलब्ध असलेली साजेशी जागा तुम्हाला देऊ करायची असते. देऊ करायची म्हणजे थेट नेमणुकीचा प्रस्ताव ठेवायचा. अर्ज करायला सांगणे, मुलाखतीला बोलावणे, इतर प्रभावित सहकाऱ्यांशी स्पर्धा करायला लावणे किंवा अंतर्गत जागांच्या संकेतस्थळाची लिंक पाठवणे म्हणजे देऊ करणे नव्हे. सेफ्टन कौन्सिल या स्थानिक प्रशासनाच्या प्रकरणात दोन पदे रद्द करून एक नवे पद निर्माण केले होते. रद्द झालेल्या पदांपैकी एकावरची महिला प्रसूती रजेवर होती. दोघांची मुलाखत घेऊन पद पुरुष सहकाऱ्याला दिले गेले. पुनर्रचनेमुळे तिचे पद धोक्यात आले तेव्हाच तिचा हक्क जागा झाला होता, मुलाखतीनंतर नव्हे, असे 2014 मध्ये अपील ट्रायब्युनलने सांगितले आणि तिची बडतर्फी आपोआप अन्यायकारक ठरली.

‘साजेशी’ याचे दोन भाग आहेत. काम तुमच्यासाठी योग्य आणि उचित असले पाहिजे, आणि पद, ठिकाण, पगार व इतर अटी जुन्या अटींपेक्षा बऱ्याच कमी असता कामा नयेत. जागा साजेशी आहे की नाही हे प्रथम कंपनीने वस्तुनिष्ठपणे ठरवायचे असते, पण त्यासाठी तुमचा अनुभव आणि परिस्थिती तिला माहीत असावी लागते. लंडनमधील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात उपलब्ध जागा चेल्टनहॅमला होत्या आणि तिने तिकडे जाण्याची तयारी कळवलेली नव्हती. 2010 मध्ये त्या जागा तिच्यासाठी साजेशा धरल्या गेल्या नाहीत. तात्पर्य, गप्प राहण्यापेक्षा लिहून कळवणे केव्हाही फायद्याचे.

म्हणून पुढील मजकुराचे एक छोटे पत्र पाठवावे: ‘मी सध्या प्रसूती रजेवर आहे आणि नियम 10 नुसार मला साजेशी उपलब्ध जागा देऊ केली जाण्याचा हक्क आहे. माझी कौशल्ये आणि अनुभव सोबत जोडले आहेत. अमुक शहरांत काम करण्याची, तसेच अमुक श्रेणीपर्यंतचे पद स्वीकारण्याची माझी तयारी आहे. समूहातील सर्व रिकाम्या जागांची यादी पाठवावी, आणि पुढील प्रत्येक नवी जागा जाहीर करण्यापूर्वी मला कळवावे.’ त्याच दिवसापासून कंपनीच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या जागांचे तारखेसह स्क्रीनशॉट काढत जावेत. ‘तेव्हा काहीच जागा नव्हती’ या विधानाला याहून चांगले उत्तर नाही.

जागा देऊ केली गेली, तर तिच्या अटी वेगळ्या असल्यास चार आठवड्यांचा चाचणी काळ मिळतो. हा काळ रजेतच वाहून जाऊ नये, म्हणून तो कामावर परतल्याच्या दिवसापासून सुरू होईल असे लेखी ठरवून घ्यावे. नव्या जागेवर रुजू होण्यासाठी रजा मध्येच सोडण्याची गरज नाही; नवा करार जुना संपताच सुरू होतो आणि उरलेली रजा त्यात पुढे चालू राहते.

सावधान: साजेसा प्रस्ताव सबळ कारणाशिवाय नाकारला, तर रिडन्डन्सीच्या रकमेवरचा हक्क जाऊ शकतो. नाकारायचाच असेल, तर प्रवासाचा वेळ, पाळणाघराच्या वेळा, कामाची खालावलेली पातळी अशी नेमकी कारणे लिहून नाकारावा.

तपासून पाहा: एकाच जागेसाठी संरक्षणाच्या काळातील दोन महिला असतील, तर कंपनी त्यांच्यात निवड करू शकते. असे काही आहे का, हे विचारून घ्यावे.

पायरी 6: पैशांचा हिशेब वेगवेगळ्या ओळींत मांडणे

कंपनी बहुधा एकच ठोक रक्कम सांगते. तिचे भाग वेगळे करून मागावेत.

पहिली ओळ प्रसूती वेतनाची. बाळंतपणाच्या अपेक्षित आठवड्याच्या 15 आठवडे आधीच्या आठवड्यापर्यंत तुमची नोकरी 26 आठवडे झाली असेल आणि पगाराची अट पूर्ण होत असेल, तर वैधानिक प्रसूती वेतन 39 आठवडे मिळते: पहिले 6 आठवडे सरासरी पगाराच्या 90 टक्के, आणि पुढचे 33 आठवडे ठरलेला दर, जो 2025-26 साठी आठवड्याला 187.18 पौंड होता, किंवा पगाराचे 90 टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. हा हक्क एकदा लागू झाला, की नोकरी संपली तरी उरलेल्या आठवड्यांचे वेतन कंपनीला द्यावेच लागते. ते रिडन्डन्सीच्या रकमेत ‘धरले आहे’ असे म्हणता येत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली, तर ते सरकारच्या महसूल खात्याकडून मिळते. कंपनीच्या धोरणानुसार मिळणारे वाढीव प्रसूती वेतन मात्र सहसा नोकरीबरोबर थांबते. आणखी एक खाचखळगा असा, की बाळंतपणानंतर नव्या मालकाकडे काम सुरू केले, तर जुन्या कंपनीकडून येणारे हे वेतन बंद होते.

दुसरी ओळ वैधानिक रिडन्डन्सी रकमेची. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी लागते, आणि रजेचा काळ त्यात मोजला जातो. 22 ते 40 वयातील प्रत्येक पूर्ण वर्षासाठी एक आठवड्याचा, त्याआधीच्या वर्षांसाठी अर्ध्या आठवड्याचा आणि 41 पासून पुढे दीड आठवड्याचा पगार धरतात, जास्तीत जास्त 20 वर्षांसाठी. आठवड्याच्या पगाराला कमाल मर्यादा असते. 6 एप्रिल 2025 पासूनच्या वर्षासाठी ती 719 पौंड होती. 34 वर्षांच्या, सहा पूर्ण वर्षे नोकरी झालेल्या आणि आठवड्याला 900 पौंड कमावणाऱ्या महिलेला त्या वर्षीच्या दराने 4,314 पौंड मिळतील. हिशेब रजेआधीच्या पूर्ण पगारावर करायचा असतो. प्रसूती वेतनावर केलेला हिशेब चुकीचा असतो, आणि ही चूक आश्चर्य वाटावे इतक्या वेळा होते.

तिसरी ओळ नोटिशीची, आणि येथे कायदा खरोखरच विचित्र आहे. वैधानिक नोटीस दोन वर्षांनंतर दर वर्षाला एक आठवडा, कमाल 12 आठवडे असते. करारातील नोटीस याहून एक आठवडा किंवा त्यापेक्षा जास्त मोठी नसेल, तर रजेवर असतानाही नोटिशीच्या काळात पूर्ण पगार मिळतो. करारातली नोटीस त्याहून मोठी असेल, तर मात्र पूर्ण पगाराचा हा वैधानिक हक्क उरत नाही आणि फक्त प्रसूती वेतन चालू राहते. म्हणजे सहा वर्षांच्या नोकरीत सहा आठवड्यांची नोटीस असणारी फायद्यात, आणि तीन महिन्यांच्या नोटिशीचा ‘चांगला’ करार असणारी तोट्यात. कंपनीने नोटिशीऐवजी रक्कम देण्याचे ठरवले, तर ती करारानुसार सहसा मूळ पगारावर काढतात. पण त्यामुळे नोकरी लगेच संपते, आणि पुढच्या पायरीत दिसेल तसे ते प्रत्येकीला परवडत नाही.

चौथी ओळ साठलेल्या सुट्टीची. प्रसूती रजेच्या संपूर्ण काळात वार्षिक सुट्टी साठत राहते, आणि न वापरलेल्या दिवसांचे पैसे मिळाले पाहिजेत.

पायरी 7: व्हिसाचा विचार सही करण्याआधी करणे

स्वतःच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्या महिलेची नोकरी संपली, की कंपनीने 10 कामाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवायचे असते. त्यानंतर होम ऑफिस पत्र पाठवून व्हिसा साधारणपणे 60 दिवसांवर आणते. मूळ मुदत त्याआधीच संपत असेल तर तीच राहते. नवरा तिच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल, तर त्याचाही मुक्काम धोक्यात येतो. अशा कुटुंबासाठी हजार-दोन हजार पौंड जास्त मिळण्यापेक्षा नोकरीची शेवटची तारीख दोन महिने पुढे जाणे अधिक मोलाचे ठरू शकते, आणि कंपन्या अनेकदा ते मान्यही करतात, कारण रजेवरच्या व्यक्तीला यादीवर ठेवण्याचा त्यांचा खर्च थोडा असतो.

पर्यायी जागा स्वीकारतानाही एक तपासणी करावी. नव्या कामाचा व्यवसाय-संकेतांक जुन्यापेक्षा वेगळा असेल, तर त्याच कंपनीतही नवे सीओएस (कंपनीने दिलेले प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र) घेऊन व्हिसाचा नवा अर्ज मंजूर झाल्याशिवाय ते काम सुरू करता येत नाही.

वैधानिक प्रसूती वेतन, मॅटर्निटी अलाउन्स (हे वेतन न मिळणाऱ्यांसाठीचा सरकारी भत्ता) आणि रिडन्डन्सीची रक्कम हे ‘पब्लिक फंड्स’, म्हणजे अनेक व्हिसांवर बंदी असलेले सरकारी लाभ, नाहीत. व्हिसावर तशी बंदी लिहिलेली असली, तरी हे पैसे निर्धास्तपणे घ्यावेत. युनिव्हर्सल क्रेडिट आणि चाइल्ड बेनिफिट मात्र त्या बंदीत येतात.

पायरी 8: तडजोडीच्या करारावर सही करण्यापूर्वी

कंपनी सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट पुढे करते तेव्हा त्या बदल्यात तुम्ही दावे करण्याचा हक्क सोडत असता. स्वतंत्र सल्लागाराने, म्हणजे सॉलिसिटरने किंवा त्यासाठी मान्यता असलेल्या युनियन अथवा सल्ला केंद्राच्या व्यक्तीने, समजावून सांगितल्याशिवाय असा करार बंधनकारक होत नाही. या सल्ल्याचा खर्च कंपनीने उचलण्याची प्रथा आहे. विचारासाठी किमान 10 दिवस द्यावेत, असे एकॅसचे, म्हणजे नोकरीतील वाद मिटवण्यास मदत करणाऱ्या सार्वजनिक संस्थेचे, मार्गदर्शन सांगते. ‘शुक्रवारपर्यंत सही नाही तर प्रस्ताव मागे’ असे कोणी म्हटले, तर हे मार्गदर्शन ईमेलमध्ये उद्धृत करावे.

करारात प्रसूती वेतनाची ओळ वेगळी आहे ना, ते पाहावे. नोकरी गेल्याची भरपाई पहिल्या 30,000 पौंडांपर्यंत करमुक्त असते, पण प्रसूती वेतन, सुट्टीचे पैसे आणि नोटिशीचे पैसे करपात्र असतात. सगळे एकत्र कालवले, तर नंतर कराचा घोळ होतो. रेफरन्स काय दिला जाईल, त्याचा मजकूरही करारालाच जोडून घ्यावा.

पायरी 9: बडतर्फीनंतरची मुदत

नोकरी संपवलीच, तर बडतर्फीची लेखी कारणे मागण्याची गरज नसते. गरोदर असताना किंवा प्रसूती रजेत काढलेल्या महिलेला ती न मागता देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ती आली नाहीत, तर आठवण करणारे पत्र पाठवावे आणि त्याची प्रत ठेवावी. कंपनीअंतर्गत अपील अवश्य करावे, त्यात पायरी 4 आणि 5 मधील मुद्दे क्रमाने मांडावेत, पण अपीलाच्या निकालाची वाट पाहत बसू नये, कारण अपील चालू असतानाही ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीविषयक न्यायाधिकरणात, दावा करण्याची मुदत पुढे सरकत असते.

ती मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी मोजतात. नोकरी 15 मार्च 2026 रोजी संपली असेल, तर शेवटचा दिवस 14 जून 2026. त्याआधी एकॅसकडे अर्ली कन्सिलिएशनची, म्हणजे दाव्याआधीच्या सलोख्याची, नोंद करावी लागते; ती केली, की सलोख्याच्या काळापुरते घड्याळ थांबते. भेदभावाच्या दाव्यात मोजणी त्या विशिष्ट कृतीपासून होऊ शकते, म्हणजे चुकीचे गुण जानेवारीत दिले असतील तर जानेवारीपासून. म्हणून सर्वांत जुनी तारीख धरून चालावे. 2025 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टने ही मुदत सहा महिन्यांवर नेण्याची तरतूद केली आहे, परंतु आपल्या प्रकरणाला ती लागू असल्याचे एकॅसकडून लेखी कळल्याखेरीज तिच्या भरवशावर राहू नये.

ट्रायब्युनलमध्ये दावा दाखल करण्यासाठी शुल्क नाही. वकील परवडत नसेल, तर आधी घराच्या विम्याची कागदपत्रे काढून पाहावीत. अनेक पॉलिसींमध्ये कायदेशीर खर्चाचे संरक्षण असते आणि ते असल्याचे घरात कोणाच्या लक्षातही नसते. त्यानंतर एकॅसची हेल्पलाइन, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि मॅटर्निटी अ‍ॅक्शन यांच्याकडे मोफत सल्ला मिळतो. फोन करताना पायरी 1 मधील पाच तारखांचा कागद समोर ठेवावा, कारण पलीकडून पहिला प्रश्न तारखांचाच येतो.